शाळेची चूल

शाळा हलवायची ठरली आणि पहिलं घोडं अडलं ते वारावर. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, शनिवार नक्की केला होता. ज्यांच्या बैलगाड्या येणार होत्या त्या शेतकरी पालकांनी माना हलवल्या. शनिवारी बिऱ्हाड हलवत नाहीत. बाई म्हणाल्या, हे बिऱ्हाड नाही, शाळा आहे. ते म्हणाले, असेल, पण शनिवारी नको. मग रविवार निघाला. रविवारी पाळकसाहेबांची उपासना, म्हणजे मदतीला येणारी निम्मी माणसं प्रार्थनामंदिरात. सोमवारी अमावास्या होती. शेवटी मंगळवारावर सगळ्यांचं जमलं. मंगळवाराविरुद्ध कुणाला काही आठवलं नाही, किंवा आठवलं असेल तरी एव्हाना सगळे कंटाळले होते.

मला हसू आवरत नव्हतं. मी त्या शाळेत नव्यानेच लागले होते, ती माझी पहिलीच नोकरी. आमच्या घरात वार-अमावास्येचं खूळ केव्हाच निघालं होतं. वडिलांनी बौद्ध धर्म घेतला त्या वर्षी आईने देव्हाऱ्यातलं सगळं कुंडलिका नदीत नेऊन सोडलं होतं आणि परत येऊन रिकाम्या देव्हाऱ्यात माझी पाटी-पुस्तकं ठेवली होती. त्यामुळे असलं काही दिसलं की मी तोंड उघडायचे. तोंडाला लगाम नव्हताच माझ्या. स्टाफरूममध्ये मी म्हटलं, पंचांग बघून शाळा हलवणारी ही जगातली पहिलीच मिशनची शाळा असेल. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांचं तसं पाहणं पुरायचं.

शाळा होती जालन्यात, मोंढ्याच्या अगदी पाठीला पाठ लावून. मिशनच्या एका जुन्या बंगल्यात वर्ग भरायचे. बंगला बांधला तेव्हा तिथे शांतता असणार. आमच्या वेळेपर्यंत मोंढा वाढत वाढत भिंतीला येऊन टेकला होता. कापसाच्या आणि ज्वारीच्या गाड्या, ट्रक, हमालांचे आवाज, आणि अडत्यांचे लिलाव. दुसरीतली मुलं पाढे म्हणायला लागली की पलीकडून लिलाव सुरू व्हायचा, आणि सतरा सक म्हणता म्हणता एखादं पोरगं ज्वारीचा भाव सांगून मोकळं व्हायचं. त्यात पश्चिमेची भिंत फुगली होती. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती, कुणाकडे काही शिल्लक नव्हतं, तरी शाळा चालवणाऱ्या मंडळाने कसंबसं करून अंबड रस्त्याला माळावर नव्या वर्गखोल्या उभ्या केल्या. मोठी परीक्षा संपली, मुलांना सुटी लागली आणि आता सामान न्यायचं होतं. ट्रक परवडणारा नव्हता. मोठ्या बाईंनी पालकांना निरोप धाडले आणि पालक हो म्हणाले.

पालकांचे म्होरके होते एक शेतकरी, त्यांना आम्ही पाटील म्हणायचो. ते पाटील नव्हते, आवाज तेवढा पाटलाचा होता. साधं पाणी मागितलं तरी शेजारच्या वर्गातली मुलं उठून उभी राहायची. त्यांची मुलगी आमच्याकडे पाचवीत होती. प्रत्येक गोष्टीत त्यांना स्वतःचं काही तरी घालायचं असायचं आणि ते इतकं ठासून घालायचे की आपण कशावर वाद घालत होतो तेच विसरायला व्हायचं. मला ते फार आवडायचे आणि फार छळायचेसुद्धा.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं सांगतेय त्या शिवणबाई. जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती, कधी काळी बंगल्याच्या खानसाम्याची असावी. तिथे त्या राहत. तरुणपणी विधवा होऊन मिशनच्या आश्रयाला आल्या, मुलींना शिवण शिकवू लागल्या, आणि शिकवता शिकवता म्हाताऱ्या झाल्या. नोकरीतून त्या केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, पण शिवणाचा तास त्यांचाच. पांढरं पातळ, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा, पदराला नेहमी दोन-तीन सुया टोचलेल्या. त्यांच्या खोलीत मातीची एक चूल होती. त्यांनी स्वतः थापलेली, उचलून कुठेही नेता येईल अशी. शाळेत कुणाच्या पोटात दुखलं, कुणाला ताप भरला, कुणी डबा न आणता आलं, की त्याची रवानगी शिवणबाईंकडे. पाटलांच्या मुलीला एकदा पावसाळ्यात शाळेतच सडकून ताप चढला, नदीनाल्यांना पाणी आल्यामुळे गावची वाट बंद. तेव्हा वाट उघडेपर्यंत ती शिवणबाईंच्या खाटेवर होती आणि त्या खाली जमिनीवर. त्या चुलीवरची तांदळाची पेज जालन्याच्या निम्म्या पोरांनी प्यायलेली असेल.

आणि आमच्या मोठ्या बाई त्याच चुलीपाशी वाढल्या होत्या. हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. आष्टीकडच्या कुठल्याशा वस्तीवर तापाच्या साथीत त्यांचे आईबाप गेले, आणि कुणी तरी त्या एवढ्याशा पोरीला मिशनमध्ये आणून सोडलं. शिवणबाईंनी तिला आपल्या खोलीत घेतलं, न्हाऊमाखू घातलं, शिकवलं. ती शिकत शिकत त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली. त्या दिवसापासून, जिला तोवर आई म्हणायच्या तिला मोठ्या बाई इतरांसारखं ‘शिवणबाई’ म्हणू लागल्या आणि अहोजाहो करू लागल्या. शिवणबाईही त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणत. शाळेत आपलं-परकं नको, म्हणून. दोघींना एकमेकींशी असं बोलताना ऐकलं की मला कसंसंच व्हायचं.

नव्या जागेचा नकाशा ऑफिसच्या भिंतीवर लावला होता. मी तो अगदी कौतुकाने बघत होते. वर्ग, ऑफिस, प्रार्थनेची मोठी खोली, विहीर, खेळाचं मैदान, आणि एका टोकाला छोटी खोली: क्रीडासाहित्य. सगळं बघून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की यात शिवणबाई कुठेच नाहीत. मी तशीच मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी शांतपणे सांगितलं की शिवणबाई अंबडला भाच्याकडे राहायला जाणार आहेत, मंडळाचं तसं ठरलं आहे, भाचाही तयार आहे. मी म्हटलं, क्रीडासाहित्याला खोली आहे आणि माणसाला नाही? आमचं क्रीडासाहित्य म्हणजे एक फाटकी जाळी आणि हवा न राहणारे दोन चेंडू.

तेव्हा त्या जे बोलल्या ते मला अजून आठवतं. म्हणाल्या, “दुसऱ्या कुणासाठी मी मंडळाशी भांडले असते. हिच्यासाठी कशी भांडू? आपल्या माणसासाठी शाळेची खोली घेतली असं कुणी म्हटलं तर काय उत्तर देऊ?”

त्या स्वतः एका बायकांच्या वसतिगृहात राहत आणि तिथे दुसरं माणूस ठेवायची मुभा नव्हती. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली, दोन्ही एकाच वेळी. त्यांचा प्रामाणिकपणा असा होता की तो सगळ्यात जास्त त्यांच्याच माणसाला लागायचा.

शिवणबाईंनी मात्र चकार शब्द काढला नाही. उलट शाळा हलवायच्या तयारीत सगळ्यात जास्त काम त्यांनीच केलं. घरोघरून जुनी लुगडी मागवली आणि वरच्या वर्गातल्या मुलींना घेऊन त्यांच्या पिशव्या शिवल्या, प्रत्येक वर्गाला वेगळी, वर रंगीत दोऱ्याने त्या वर्गाचा आकडा. पुस्तकं, नकाशे, डस्टरं, सगळं ज्याच्या त्याच्या पिशवीत. मी विचारलं, अंबडला करमेल का तुम्हाला? दोरा दातांनी तोडत त्या म्हणाल्या, भाचा चांगला आहे, सुनेचाही स्वभाव बरा आहे. मग थोडं थांबून म्हणाल्या की दिवसभर तिथे करायचं काय, तेवढं मात्र अजून कळलं नाही. असं म्हणून त्यांनी सातवीच्या पिशवीचा सात पुन्हा उसवला, कारण तो वाकडा आला होता.

मंगळवारी दिवस उजाडायच्या आधीच गाड्या येऊन लागल्या. मेचं ऊन, बैलांना सोसायचं नाही, म्हणून लवकर. पाटील आणि त्यांच्या गावची माणसं, त्यांच्या बायका, चर्चची तरुण मंडळी, आणि आमच्या वस्तीतले लोक घेऊन आलेले माझे वडील. वडील गवंडी. नव्या शाळेच्या ओट्यावर त्यांचाही हात लागलेला होता, त्यामुळे ती इमारत आपल्याच मालकीची असल्यासारखं ते बोलायचे.

सामान भरताना नुसती धमाल चालली होती. सहावीच्या गुरुजींनी फळ्यावरचं गणित पुसू दिलं नाही, मुलांना सुटीनंतर तिथूनच पुढे शिकवायचंय म्हणाले. तो फळा गणितासकट गाडीत चढला. पृथ्वीचा गोल कुणाच्याच हाती द्यायचा धीर होईना, शेवटी पाटलांच्या बायकोने तो गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. आमची घंटा म्हणजे निंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो उतरवताना वडिलांच्या पायावर पडता पडता वाचला, आणि इतका मोठा वाजला की मोंढ्यातले हमाल भिंतीवरून डोकावून बघू लागले. मग त्यांच्यातलेही चार-दोन जण उड्या मारून आत आले आणि बाकं उचलू लागले. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं.

गाड्या भरल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळे हात जोडून उभे राहिले. प्रार्थना झाली तरी गाड्या जागच्या हलेनात. पाटलांना नारळ फोडायचा होता. पाळकसाहेब म्हणाले, फाटकाच्या आत नको. पाटील म्हणाले, बराबर आहे, बाहेर फोडतो. वडील म्हणाले, फोडा, आम्ही खोबरं तेवढं खाऊ. असं तिघांचं समाधान झालं. मी कपाळाला हात लावला. तरीही गाड्या उभ्याच.

“आता काय राहिलं?” मोठ्या बाईंनी विचारलं.

राहिलं होतं ते असं. पाटलांच्या गावात घर बदलताना पहिल्या गाडीत घरातलं सगळ्यात मोठं माणूस बसवतात, त्याच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या देतात, आणि नव्या घरात पहिलं पाऊल त्याचं. शिवाय जुन्या चुलीतला विस्तव टोपलीत राखेखाली दाबून न्यायचा आणि नवी चूल त्यावर पेटवायची. मोठ्या बाई पुन्हा म्हणाल्या की ही शाळा आहे. पण या वेळी त्यांच्या आवाजात दम नव्हता, ऊन वर येत होतं. पाटलांनी आवाज चढवून सगळ्यांना विचारलं, सगळ्यात मोठं कोण? लोकांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, तर ते तिशी-पस्तिशीचे. मोठ्या बाई नावाच्याच मोठ्या. मग पाटलांची बायको मांडीवरच्या पृथ्वीसकट म्हणाली की असं काय विचारता, मागच्या खोलीतली म्हातारी न्हाई का.

शिवणबाईंची अंबडची एसटी दुपारची होती. ट्रंक भरून दाराशी ठेवली होती, खाट उभी करून भिंतीला टेकवली होती, सकाळचा चहा करून झाल्यावर चूलही सारवून पुसून ठेवली होती. चूल भाचेसुनेला देणार होत्या. त्या नको नको म्हणत असताना पाटलांच्या बायकोने त्यांना हाताला धरून आणलं, पहिल्या गाडीत बसवलं आणि हातात तांब्या दिला. चुलीतून बाजूला काढलेल्या राखेत अजून थोडे निखारे होते, ते टोपलीत घेतले आणि टोपली कुणी तरी माझ्याच हातात कोंबली. वार-अमावास्येला हसणारी मी विस्तवाची टोपली सांभाळत शिवणबाईंच्या शेजारी बसले. मागच्या गाडीतून वडिलांनी ते पाहिलं आणि मिशी चोळली. नंतर महिनाभर मला त्यावरून ऐकावं लागलं.

आम्ही पुढे निघालो. मागे राहिलेल्या पोरांना पाटलांनी सांगितलं होतं की आवारात एक चीज ठेवायची नाही, दिसेल ते भरायचं. आणि त्यांनी दिसेल ते भरलं. मागच्या खोलीच्या दारातली ट्रंक, भिंतीला टेकवलेली खाट, सारवलेली चूल, पोळपाट-लाटणं, सगळं. हे सामान अंबडला जायचं आहे हे त्यांना कोण सांगणार? त्यांच्या हिशेबी घर हललं की म्हातारीचं सामान आधी हलतं.

नव्या जागी शिवणबाई ओट्यापाशी थबकल्या. पुढे मोठ्या बाई किल्ल्या घेऊन उभ्या होत्या. शिवणबाई त्यांना म्हणाल्या की आपण पुढे व्हा, आपण मुख्याध्यापिका. पाटील मागून गरजले की म्हातारी, उन्हात बैलं उभी आहेत. तेव्हा त्यांनी उंबऱ्यावर पाणी शिंपडलं आणि आत पाऊल टाकलं. उरलेलं पाणी तांब्यातच होतं. पाटलांनी तो तांब्या त्यांच्या हातून घेतला, वरून घटाघटा प्यायले आणि माझ्या वडिलांच्या हातात दिला. वडील एक क्षण तांब्याकडे बघत राहिले, मग तेही प्यायले. त्या काळात खेड्यात ही लहान गोष्ट नव्हती. पण त्या दिवशी त्यावर कुणी काही बोललं नाही, सगळ्यांना तहान लागली होती.

दुपारपर्यंत बाकं वर्गात गेली. आठवीची पिशवी सहावीत आणि सहावीचा फळा ऑफिसात, असला गोंधळ घालून झाला. माणसं सावलीला टेकली. शेवटच्या गाडीत राहिलेलं सामान आवारात उतरवून ठेवलं होतं: ट्रंक, खाट आणि चूल. पाटील कमरेवर हात ठेवून त्यासमोर उभे राहिले.

“बाई, चूल कुठं मांडायची?”

मोठ्या बाई वर्गांची कुलपं बघत होत्या. त्यांनी वळून पाहिलं, आणि ते सामान पाहून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “कुठंच नाही. ते चुकून इकडे आलंय. ते अंबडला जायचंय.”

“आन् म्हातारी?”

“त्याही.”

पाटलांना ते खरंच कळलं नाही. ते रागावले नव्हते, गांगरले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, “सकाळी मोठं माणूस म्हणून म्या त्यांना समद्यांच्या आधी घरात घातलं. आता दुपारच्याला भाईर काढायचं? माझी पोरगी तापानं पडल्ती तवा पेज ह्याच चुलीवर शिजल्ती, बाई. मला वाटलं, ही शाळेचीच चूल हाय.”

शिवणबाई ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की राहू द्या, एसटी अजून मिळेल, कुणी तरी मला स्टँडवर सोडा. त्यांचा आवाज अगदी साधा होता. मोठ्या बाई हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्यातली एकच किल्ली फिरवत राहिल्या. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

मध्ये तोंड घातलं ते माझ्या वडिलांनी. म्हणाले, “वार, अमावास्या, नारळ, ते तुमचं तुम्ही बघा, मला त्यातलं काही पटत न्हाई. पण सकाळपासून पोरगी विस्तव धरून बसून राह्यली. तो इझायच्या आत चूल तर मांडा. इतक्या माणसांना चहा लागंल का न्हाई? अंबडचं मंग बघता येईल.”

चहाला कोण नाही म्हणणार? वडिलांनीच चूल उचलली. वारा लागू नये म्हणून टोकाची ती छोटी खोली पाहिली, दारावर ‘क्रीडासाहित्य’ असं ताज्या रंगात लिहिलेलं. आत कोपऱ्यात चार विटा लावून, मुरूम घालून त्यांनी चूल मांडली, आणि ओळंबा लावल्यासारखं डोळा बारीक करून ती सरळ आहे का ते पाहिलं. पाटलांची बायको घरून चरवीभर दूध घेऊन आली होती. चहाच्या आधी नव्या चुलीवर दूध उतू घालायचं, असा त्यांचा शिरस्ता. मोठ्या बाईंनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब भले गृहस्थ होते. ते म्हणाले, मी डोळे मिटून प्रार्थना करतो, तोवर काय उतू जाईल ते जाईल.

“दूध घरच्या लेकीनं ठिवायचं असतंय,” पाटलांची बायको म्हणाली. मग शिवणबाईंकडे वळून तिने सहज विचारलं, “तुमची लेक कोन?”

तिला खरंच माहीत नव्हतं. आम्हा शाळेतल्यांना माहीत होतं, म्हणून आम्ही सगळे कुठे तरी दुसरीकडे बघायला लागलो. शिवणबाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, मला कुणी नाही हो, तुम्हीच ठेवा.

मोठ्या बाईंनी किल्ल्यांचं जुडगं खिडकीत ठेवलं. पदर खोचला. त्या कडक इस्त्रीच्या, खादीच्या साडीत त्या चुलीसमोर खाली बसल्या, माझ्या हातातली टोपली घेतली, राख बाजूला केली आणि विस्तव चुलीत ओतला. वर काटक्या रचल्या. हे सगळं त्यांनी इतक्या सवयीने केलं की बघतच राहावं. पण विस्तव सकाळचा, पार मलूल झालेला. त्यांनी वाकून फुंकलं, नुसताच धूर झाला, डोळ्यांतून पाणी आलं. पुन्हा फुंकलं. मग मान वर न करता, डोळे पुसत त्या म्हणाल्या,

“आई, फुंकणी कुठाय?”

शिवणबाईंनी मान वर केली. मग म्हणाल्या, “ट्रंकेत. पार तळाशी घातलीये गं.”

मग काय, ट्रंक उघडावी लागली. पाटलांची बायको आणि मी बसलो. वरची पातळं काढली, खिडकीत ठेवली. सुया-दोऱ्यांचा डबा, कोळशाची इस्त्री, दोन ताटं, एक कंदील, मुलींनी शिवलेले पहिले वेडेवाकडे रुमाल, ते त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवले होते. सगळं बाहेर आलं, आणि ठेवायला जागा पाहिजे म्हणून कुणी तरी खाट आणून टाकली. तळाशी फुंकणी सापडली तोपर्यंत ती खोली राहती दिसू लागली होती. मोठ्या बाईंनी फुंकणी तोंडाला लावली आणि चूल पेटली. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. त्यांची प्रार्थना लांबली, दूध वेळेवर उतू गेलं. मी रडत होते. धुराचं निमित्त सगळ्यांनाच पुरलं.

दुपारची एसटी केव्हाच गेली होती. कुणी तिचं नाव काढलं नाही. अंबडच्या भाच्याला दुसऱ्या दिवशी निरोप गेला, आणि तो येऊन नवी शाळा बघून, पेज पिऊन गेला.

मंडळाची बैठक झाली तेव्हा मोठ्या बाईंनी आपल्या माणसाबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी सांगितलं की शिवणवर्गाला कोळशाची इस्त्री लागते, इस्त्रीला विस्तव लागतो, विस्तवाला चूल लागते आणि चुलीपाशी कुणी तरी जबाबदार माणूस रात्रंदिवस लागतं. मंडळातल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या दोघा-तिघांनी लहानपणी ती पेज प्यायलेली होती. फाटकी जाळी आणि दोन चेंडू ऑफिसातल्या कपाटावर गेले. दारावरची ‘क्रीडासाहित्य’ ही अक्षरं मात्र कुणी पुसली नाहीत; शिवणबाई शेवटपर्यंत त्याच पाटीखाली राहिल्या, आणि पहिलीतली पोरं बरीच वर्षं क्रीडासाहित्य म्हणजे पेज असंच समजत होती.

शाळा हलली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर गेले, आठवीची पिशवी आठवीत नेऊन ठेवायची होती. त्या टोकाच्या खोलीतून धूर येत होता. दारात डोकावले. मोठ्या बाई चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या, बशीत चहा ओतून फुर्र करून पीत होत्या, आणि शिवणबाई मागे बसून त्यांच्या केसांतला गुंता काढत होत्या. माझी चाहूल लागली तशा शिवणबाई सवयीने हात मागे घेऊ लागल्या. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा नव्हता, डोळे अगदी लहान मुलीसारखे दिसत होते. मला वाटलं आता उठतील, पदर सावरतील, आणि काय काम आहे म्हणून विचारतील.

त्या उठल्या नाहीत. चहाची बशी खाली ठेवून म्हणाल्या, “आई, थांबलीस का? विंचर ना.”